दाव्यापुरता पालक

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, आधी कान पकडतो. छताची गळती अजून थांबली नाही हे वाचून डोकं तापलं. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना माझ्या वकिली कागदावर चार खणखणीत ओळी धाडू का? तू फक्त हो म्हण.

इकडची मोठी बातमी अशी, की मी पालक झालोय. हसू नकोस. एकोणसाठाव्या वर्षी कोर्टाने माझ्या पदरात मूल घातलंय आणि ते मूल माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठं आहे. त्याचं असं आहे, अमुक एका वडीलधाऱ्या माणसाला आता स्वतःचं स्वतः ठरवता येत नाही असा अर्ज घरच्यांनी केला, की न्यायाधीश एखाद्या तिऱ्हाइताला त्या दाव्यापुरता पालक नेमतात. मी त्यांचा वकील नाही आणि अर्जदाराचाही नाही. जाऊन भेटायचं, घर बघायचं, त्यांचं म्हणणं काय आणि त्यांचं भलं कशात, हे कोर्टाला सांगायचं. दोन्हींची उत्तरं वेगळी निघाली तरी दोन्ही सांगायची. त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, त्यांना कसला शब्द द्यायचा नाही. निकाल लागला की पालकपण संपलं.

माझं पाल्य म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री, निवृत्त झालेले. चौथ्या मजल्यावर एकटे राहतात, लग्न केलं नाही. जवळचा म्हणावा असा एक पुतण्या, तो दुसऱ्या गावी. अर्ज त्याचाच. मिस्त्रींनी नळ उघडा ठेवला आणि खालच्यांच्या घरात पाणीच पाणी झालं. आणखी एकदा दार सताड टाकून फिरायला गेले. पुतण्या वाईट नाही गं. फोन वाजला की आता काय झालं असं वाटतं म्हणाला, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्यादेखत रडला. त्याला काकांना वृद्धाश्रमात ठेवायचंय आणि त्यांच्या वतीने सह्या करायचा अधिकार हवाय. अर्ज मंजूर झाला तर राहायचं कुठे, उपचार कुठले घ्यायचे, कशालाच मिस्त्रींचं हो-नाही उरणार नाही.

पहिल्या भेटीत मात्र गडी ठणठणीत! तारीख, वार, औषधांच्या वेळा, सगळं घडाघडा सांगितलं. वर मलाच म्हणाले, तुम्ही आधी तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलंत, लिफ्टच्या आवाजावरून कळलं. अर्ध्या तासात माझी फाइल मिटली. दारात त्यांनी विचारलं, पुन्हा कधी येणार? मी म्हटलं, सगळं ठीक असलं की एकच भेट असते, अहवाल गेला की झालं. बरं बरं, म्हणाले. मी लिफ्टपाशी पोचतो तोच हाक आली. पुतण्याच्या बायकोचं नाव मघाशी सांगितलं ते चुकलं बहुतेक, खरं काय ते आता आठवतच नाही, असं म्हणाले. तेव्हा मंगळवारी पुन्हा चक्कर आहे.

तब्येतीला जप. लोभ आहे तेवढा राहू दे, उशिरापायी त्यातला कापू नकोस.

तुझा,
बारक्या


ता. १६ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पालक! घरात एक मांजराचं पिल्लू आणलं होतंस, तेही आठव्या दिवशी शेजारणीकडे राहायला गेलं. कोर्टाला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. असो, न्यायाधीश काय मला विचारून काम करतात, बापडे.

माझं छत आहे तसंच. कपाटाच्या वरचा डाग आता हातभर झाला. पण वरच्यांना कागदबिगद धाडू नकोस. शेजारी माणसं आहेत, अडीनडीला तीच लागतात. तू आपला मला काय करावं ते लिही, तेवढं पुरे. आणि फोन करू नकोस, मी नुसती हं हं म्हणते आणि तुला वाटतं मला ऐकू आलं.

शिवणयंत्र परवा विकून टाकलं. सुईत दोरा ओवायला अर्धी दुपार जायची. आता ती अर्धी दुपारही रिकामी झाली, हे विकताना ध्यानात आलं नाही. यंत्र होतं ती जागा भिंतीवर पांढरी राहिली आहे, तिथे खुर्ची सरकवून बसते.

तुझ्या मिस्त्रींबद्दल नीट लिही. वकिली भाषेत नको, माणसासारखं. त्यांच्याकडे कोण येतं, दिवसभर करतात काय, तू गेलास की काय होतं, सगळं. मला इथे वाचायला दुसरं काय आहे?

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती पत्राने मोजू नकोस, पण पत्र पाठव.

ताई


ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डाग हातभर झाला म्हणतेस, तर आधी एका जाणत्या गवंड्याला दाखव. पाणी वरून येतंय की भिंतीतून, हे ठरल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. त्याचं मत मला लेखी कळव.

यंत्र विकलंस हे वाचून वाईट वाटलं. त्यावर काय लिहावं ते सुचत नाही.

मिस्त्रींचं काही खरं नाही. दर मंगळवारी जातो आणि दर खेपेला माणूस एक पायरी खाली उतरलेला असतो. मागच्या वेळी महिना चुकला. परवा चमचा दाखवला तर किल्ली म्हणाले. स्मरणशक्ती जोखायला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगतात, तर ते दुसऱ्या वजाबाकीलाच अडकले आणि हसले. डॉक्टरांनी तपासलं तिथेही तीच गत. स्मरणशक्ती खालावली आहे आणि व्यवहार एकट्याने झेपणार नाहीत, असा दाखला आला. शंका असली की एक भेट जास्त करायची, असा माझा आपला शिरस्ता आहे. तशा भेटी वाढत गेल्या आणि शंकाही वाढत गेल्या. अर्ज मंजूर करावा, अशीच शिफारस मला लिहावी लागेल असं दिसतंय. हात चालत नाही.

माणसासारखं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. त्यांच्याकडे कुणी येत नाही. शेजारी चांगले आहेत, जिन्यात नमस्कार-चमत्कार होतात, तेवढंच. दिवसभर ते लिफ्टचा आवाज ऐकत बसतात. दुसऱ्यावर थांबली, पाचव्यावर गेली, असं स्वतःशी म्हणतात. चौथ्यावर बाकीच्या दोन घरांना कुलूप आहे. मी बेल वाजवायच्या आधीच दार उघडलेलं असतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा जिन्यापाशी अंधारात अडखळलो होतो, दुसऱ्या खेपेला तिथे नवा दिवा. माझी पाठ धरते हे बोलण्यात आलं, तर पुढच्या मंगळवारी खुर्चीवर उशी. चहा दोन कप करतात. मला घ्यायची मुभा नाही असं दर वेळी सांगतो. ते दर वेळी मान हलवतात आणि थोड्या वेळाने दोन्ही कप स्वतःच पितात. अशा माणसाला असमर्थ म्हणून लिहायचं, म्हणजे जिवावर येतं.

एक कबूल करतो. ही गेल्यापासून कोर्टातून थेट घरी जायचं म्हटलं की माझे पाय जड होतात. मंगळवारी तेवढे होत नाहीत.

कळावे. लोभाला माझ्याकडून शंका नाही, म्हणून जादा भेट मागत नाही!

तुझा,
बारक्या


ता. २५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

अरे शहाण्या! तुला सनद कुणी दिली?

महिना विसरणाऱ्या माणसाला मंगळवार कसा आठवतो? चमचा ओळखत नाही आणि तुझी पाठ दुखते ते लक्षात ठेवून उशी आणतो? चुकीचा दिवा आणला का रे त्यांनी? उलटा लावला का? तुझंच पत्र पुन्हा वाच. बरोबर उत्तरं दिली तेव्हा तू अर्ध्या तासात उठलास. एक नाव विसरलं म्हणताच परत येऊन बसलास. तो माणूस यंत्रं दुरुस्त करण्यात म्हातारा झाला. काय केलं की काय होतं, हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं. तू आपला कागदावर खुणा करत बसलास.

मला कसं कळलं विचारशील. माझं छत गळत नाही, बारक्या. गेल्या वर्षीच थांबलं. वरच्या गृहस्थांनी स्वतः उभं राहून दुरुस्त करून दिलं, डागावर रंगसुद्धा मारून दिला. मी ठीक आहे असं लिहिलं की तुझं पत्र यायला दोन-दोन महिने लागतात. तक्रार लिहिली की कसं का होईना, येतं. तू तक्रारीला उत्तर देतोस. यंत्र विकलं लिहिलं तर तुला काही सुचलं नाही. डागाबद्दल मात्र गवंडी सुचला.

रागावू नकोस. मीही रागावलेली नाही. मिस्त्री चुकतायत हे खरं, पण ते कशापायी काय गमावून बसणार आहेत याची त्यांना कल्पना नसेल. तू सांग. आणि हळू सांग. माणूस एकटा आहे हे त्याच्या तोंडावर काढलेलं त्याला आवडत नाही. मला तर मुळीच आवडत नाही.

ताई


ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. मग मंगळवार आला.

फाइल उघडलीच नाही. मिस्त्रींना म्हटलं, मला वाटतं तुम्ही मुद्दाम चुकता. आधी भडकले. मला खोटारडा म्हणता का, म्हणाले, आणि पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले. मी बसून राहिलो. खूप वेळाने तसेच पाठमोरे बोलायला लागले. म्हणाले, साहेब, चालू लिफ्टकडे कुणी ढुंकून बघत नाही. बंद पडली की माणसं गोळा होतात, हात लावून बघतात, शेजारी बसून राहतात. उभा जन्म हेच बघितलं. मग मीही पडलो बंद.

मी सगळं फोड करून सांगितलं. दाखला असाच राहिला तर उद्या सही पुतण्याची, मर्जी पुतण्याची. त्यांनी शांतपणे विचारलं, की बरोबर उत्तरं दिली तर तुम्ही येत राहाल का? ताई, माझ्या जिभेवर हो आलं होतं. पण मी दाव्यापुरता पालक. मी येईन असं म्हणणं म्हणजे उत्तर विकत घेणं. उद्या पुतण्याचा वकील विचारील आणि त्याचं बरोबरच असेल. दावा चालू असेतो मला शब्द देता येत नाही, एवढंच म्हणालो. त्यांनी त्याचा अर्थ नाही असा घेतला. त्यांच्या जागी मीही तोच घेतला असता.

मग म्हणाले, तर होऊ द्या मंजूर. वृद्धाश्रमात निदान जेवायच्या टेबलावर चार डोकी असतील. मी म्हटलं, तिथे राहायला जायला स्वतःला खुळं ठरवून घ्यावं लागत नाही. तुमच्या पायांनी जा, तुमच्या सहीने जा, नाही पटलं तर किल्ली लावून परत घरी या. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं, पण माझ्या प्रश्नांच्या कागदावर तो प्रश्न नव्हता. मी उठलो तेव्हा दारापर्यंतही आले नाहीत.

सुनावणी येत्या आठवड्यात आहे. डॉक्टरांचा दाखला खोडून काढायचा तर मिस्त्री का चुकले ते मला भर कोर्टात सांगावं लागेल. नाही सांगितलं तर त्यांचं सगळं जाईल. सांगितलं तर पुतण्यादेखत त्यांची लाज जाईल. मला झोप नाही.

तुझ्या छताबद्दल काय लिहू? ते गळत नाही याचा आनंद मानायला हवा होता. वाचल्यावर रडू आलं.

बारक्या


ता. १० मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

सांग. लाज काही दिवसांनी जुनी होते. दुसऱ्याच्या हातात गेलेली सही परत मिळत नाही.

पण त्यांना आधी सांगून सांग. मागून काढू नकोस. आणि सांगताना त्यांच्याकडे बघ, न्यायाधीशांकडे नको.

निकाल काय लागला ते कळेपर्यंत मलाही चैन नाही. रोज पेटी उघडून बघते, पत्र यायचं नसतं हे ठाऊक असून.

ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल झालं. तू म्हणालीस तसं सुनावणीआधी व्हरांड्यात त्यांना गाठलं आणि म्हटलं, मला तुमचं कारण सांगावं लागेल. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, तुमचं काम तुम्ही करा.

मी अहवाल वाचायला उभा राहिलो. दुसऱ्या परिच्छेदाशी आलो, तीच ओळ दोनदा वाचली, तेवढ्यात मिस्त्री उठले. न्यायाधीशबाईंना म्हणाले, यांना कशाला त्रास, माझं मीच सांगतो. आणि सांगितलं, ताई! उभ्या उभ्या, स्पष्ट. मी मुद्दाम चुकलो. मंगळवारी हे येत होते. चुकलं की जास्त वेळ बसत होते. बाईंनी महिना विचारला, वार विचारला, वजाबाकी घातली. त्यांनी खाडखाड उत्तरं दिली. नळाचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, तो खरंच विसरलो, पंचाहत्तरी उलटली की नळ विसरतो माणूस, त्यासाठी माझी सही काढून घेणार का? बाईंनी पुन्हा तपासणी करायला लावली नाही. अर्ज तिथल्या तिथे नामंजूर केला.

पुतण्या कपाळाला हात लावून बसला होता. काका, मला सांगायचं होतंत, एवढंच म्हणत राहिला. मिस्त्री त्याला म्हणाले, तू फोनवर विचारायचास काका ठीक ना, मी म्हणायचो ठीक, तू ठेवून द्यायचास.

आदेशाची शेवटची ओळ माझ्याबद्दल होती. यांचं काम संपलं, यांना मोकळं करण्यात येत आहे. मी फाइल बांधून बाहेर आलो तोवर पुतण्या त्यांना गाडीत बसवून घेऊन गेला होता. निरोप घ्यायचा राहिला. त्यांच्याकडून राहिला की माझ्याकडून, कोण जाणे.

जिंकलो म्हणायचं. पेढे वाटावेत असं मात्र वाटलं नाही.

लोभाची आज जरा गरज आहे, नेहमीपेक्षा थोडा जास्त असू दे.

बारक्या


ता. २४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिस्त्री वृद्धाश्रमात गेले. स्वतःच्या सहीने, महिनाभर राहून बघतो या बोलीवर, घराची किल्ली खिशात ठेवून. मला हे पुतण्याकडून कळलं. आता कोर्टाची आडकाठी नव्हती, तेव्हा मंगळवारी संध्याकाळी मी भेटायला गेलो. जाताना मनात ठरवून टाकलं होतं, की दर मंगळवारी येईन असं आज सांगायचं. दोन महिने तोंडात धरून ठेवलेला शब्द होता तो.

ते बुद्धिबळ खेळत होते. समोर एक निवृत्त न्हावी, पक्का लबाड, हत्ती सरकवून वर तोंड करणारा. भोवती चौघे बघे. मला बघून मिस्त्री खूश झाले, अगदी मनापासून, या साहेब बसा म्हणाले, एवढा डाव संपू द्या. मी बाकावर बसलो. डाव संपला, तर न्हाव्याने भांडण काढलं आणि दुसरा मांडला. मध्ये एकदा मिस्त्रींनी विचारलं, सध्या कुणाचे पालक आहात? मी म्हटलं, कुणाचाच नाही. ते ऐकलं की नाही कोण जाणे, राजाला शह बसला होता. मग जेवणाची घंटा झाली आणि सगळे उठले. पाठीला बरं आहे ना, असं त्यांनी जाता जाता विचारलं. मी आता चहा घ्यायला मोकळा होतो, पण विचारला कुणी नाही.

फार चांगलं झालं, ताई. खरंच सांगतो, असंच व्हायला हवं होतं. फाटकाबाहेर आल्यावर मला कुठे जायचं ते सुचेना. घरी जाऊन कपडे न बदलता दिव्याखाली बसून राहिलो. इतके दिवस मी समजत होतो की एकटा माणूस मला भेटतोय. एकटा माणूस लिफ्टने वर जात होता, आणि त्याला कुणाच्या दारात उभं राहायला कोर्टाची नेमणूक लागत होती.

पुढच्या मंगळवारी मला काही काम नाही. तुझ्याकडे येऊ का? तुझी काही तक्रार नाही, माझ्याकडे काही सल्ला नाही. नुसता येऊ का?

उत्तर लवकर दे.

तुझा,
बारक्या


ता. २७ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ये. येऊ का म्हणून काय विचारतोस, अर्ज केल्यासारखा!

पत्र वाचून आनंद झाला आणि मागोमाग भीती वाटली. ती लिहून टाकते, समोर सांगता यायची नाही. आपण दोघंच अशी एका खोलीत कितीतरी वर्षांत बसलेलो नाही. तुझं घर रिकामं झालं तेव्हा मी आले होते, पण तेव्हा भोवती माणसं होती. पत्रात मी गमतीची आहे, मला ठाऊक आहे. समोर मी आता फार बोलत नाही, सवय गेली. तू काही म्हणालास तर दोनदा सांगावं लागेल, आणि तिसऱ्यांदा मी ऐकू आल्यासारखं हसेन. तुला वाटेल, ही ती ताई नव्हे. तसं वाटलं तर वाटू दे, पण लगेच परतीची गाडी बघू नकोस.

कशी आहेस असं विचारू नकोस. त्याला मला ठीक एवढंच म्हणता येतं. बोलायला काही नसलं तर नुसता बस. मीही बसेन. रात्रीचा मुक्काम कर, अंथरूण काढून ठेवते.

लोभ आपण इतकी वर्षं कागदावर पुष्कळ केला. या खेपेस समोर बसून कर.

तुझी,
ताई